ग्लासात चालली म्हणून ईएससी वॉटरप्रूफ होत नाही

"ईएससीवरचं हीटश्रिंक काढा, बोर्डाला नेलपॉलिशचे तीन हात द्या, वरून बाथरूमचं सिलिकॉन थापा. मग पाण्याच्या ग्लासात बुडवून मोटर चालवा. चालली की झाली वॉटरप्रूफ, बोट उलटली तरी चिंता नको." आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या बोटींच्या ग्रुपांवर हा सल्ला फिरत असतो. ईएससी म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामधला, मोटरचा वेग ठरवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड; हीटश्रिंक म्हणजे त्यावर तापवून आवळलेलं प्लॅस्टिकचं वेष्टण. शेपटीला आणखी दोन गोष्टी जोडलेल्या असतात: वॉटर-कूलिंगच्या ईएससीला यातलं काहीच लागत नाही, आणि भिजलीच तर तांदळात ठेवावी.

आधी ग्लास घेऊ, कारण लोकांचा सगळा भरवसा ग्लासात मोटर चालतानाच्या व्हिडिओवर आहे. नळाचं पाणी विजेचं कमकुवत वाहक असतं. समुद्राच्या पाण्याची वाहकता त्याच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे काहीही न लावलेली ईएससीसुद्धा ग्लासात बरेचदा काही मिनिटं मजेत चालते. मग नेलपॉलिशने काय केलं, हे त्यातून कळणार कसं? शिवाय मोटरला प्रॉपेलर नसतो, करंट जेमतेम, बोर्ड कोमटही होत नाही. तळ्यात लोड आल्यावर त्याच बोर्डावरचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) हात लावू देत नाहीत इतके तापतात, बोट थांबली की निवतात. कोटिंगला तडे जातात ते या तापण्या-निवण्यात.

नुकसानही त्याच मिनिटाला दिसत नाही. पूर्ण चार्ज झालेली थ्री-एस लायपो (तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) 12.6 व्होल्ट देते. पाण्याचं विघटन सुरू व्हायला दीड-दोन व्होल्ट पुरतात. धन बाजूच्या पॅडवरचं तांबं विरघळतं, ऋण बाजूकडे केसासारखे तंतू वाढतात आणि सोल्डरभोवती बुरशीसारखा हिरवट-निळा गंज दिसू लागतो. काही आठवड्यांनी ईएससी "अचानक" जळते, आणि शिव्या पडतात कंपनीला.

नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा ठिसूळ थर. बोर्ड तापला, तार वाकली की तो तडकतो, आणि तारेच्या मुळाशी सगळ्यात आधी. अजिबात निरुपयोगी नाही. रिसीव्हरच्या (रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या भागाच्या) थंड बोर्डावर शिंतोड्यांपुरती चालून जाते. ईएससीवर नको.

बाथरूमच्या सिलिकॉनचा घोटाळा वेगळा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी स्वस्त ट्यूब बहुधा ॲसेटिक प्रकारची असते. सुकताना व्हिनेगरचा वास येतो, तो ॲसेटिक ॲसिडचा, आणि ते तांब्याला खातं. ट्यूबवर "न्यूट्रल क्युअर" लिहिलेलं असेल तरच घ्या. दुसरं, सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर बाहेरून आत सुकतं, दिवसाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर. डबीत ईएससी ठेवून डबी सिलिकॉनने गच्च भरणाऱ्यांचा गोळा आत कित्येक दिवस ओलाच राहतो. वर उष्णतेचा प्रश्न: साध्या सिलिकॉनची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या हजाराव्या भागाच्या आसपास. हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) थापलं की ईएससीला गोधडीत गुंडाळल्यासारखं होतं. इपॉक्सी ओतण्याचंही तेच, शिवाय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या डोक्यावरची दाब सोडायची खाच बुजते.

मग करायचं काय? हीटश्रिंक कडेने कापा, हीटसिंक आणि थर्मल पॅड कसे बसले होते त्याचा फोटो काढा. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन फ्लक्सचा (सोल्डर करताना लावलेल्या रसायनाचा) चिकटपणा दोन्ही बाजूंनी घासून काढा. ही पायरी गाळली तर कोटिंगखाली अडकलेला फ्लक्स आणि ओल आतूनच काम करत राहतात. पूर्ण वाळू द्या. हीटसिंक टेकतो तो भाग, पोर्ट आणि कपॅसिटरची डोकी कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या टेपने) झाका. मग सिलिकॉन कन्फॉर्मल कोटिंगचे (सर्किट बोर्डांसाठीच्या संरक्षक लेपाचे) दोन पातळ हात ब्रशने द्या, दुसरा पहिल्याला आडवा. मॉस्फेटच्या पायांमधून बुडबुडे फोडत जा. टोकदार सोल्डरवरून थर ओघळून पातळ होतो, तिथे परत लावा. बऱ्याच कोटिंगमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग असतो. नोटा तपासायच्या टॉर्चखाली राहिलेल्या जागा काळ्या दिसतात. 24 तास थांबा. बोर्डाला तारा जोडल्यात तिथे न्यूट्रल सिलिकॉन, इन्सुलेशनवर 5 मिलिमीटर चढेल इतकंच.

आता ग्लासच वापरायचा, तर बॅटरी न जोडता वापरा. लिटरला 35 ग्रॅम मीठ घाला, हीटसिंक लावण्याआधी बोर्ड बुडवा, तारांची टोकं आणि पोर्ट पाण्याबाहेर ठेवा. मल्टिमीटर सर्वांत वरच्या ओहम रेंजवर, एक प्रोब पाण्यात, दुसरा आळीपाळीने ईएससीच्या बॅटरीकडे जाणाऱ्या लाल आणि काळ्या तारेवर. रीडिंग किलोओहममध्ये आलं तर कुठेतरी भोक आहे. नंतर डिस्टिल्ड वॉटरने धुऊन वाळवा, मगच हीटसिंक चढवा.

व्हिडिओवाले जिचं नावही काढत नाहीत, ती पाण्याची वाट तारेच्या आतून जाते. कनेक्टरपाशी कापलेल्या टोकातून पाणी बारीक तारांमधल्या फटींत शिरतं आणि केशाकर्षणाने इन्सुलेशनखालून थेट कोटिंगच्या आत पोचतं. टोकाच्या सगळ्या तारांत सोल्डर पूर्ण मुरवा आणि कनेक्टरवर गोंदाचं हीटश्रिंक चढवा. ऑन-ऑफ स्विच असेल तर तोडून टाका आणि त्याच्या तारा कायमच्या जोडून सील करा. स्विच पाणी धरतोच.

वॉटर-कूलिंग उष्णता नेण्यासाठी असतं, पाणी रोखण्यासाठी नाही. उलट ते हलमध्ये (बोटीच्या सांगाड्यात) पाण्याची नळी आणतं. जोड झिप-टायने आवळा, सिरिंजने पाणी दाबून गळती पाहा, आणि ईएससी तळाला न ठेवता हलच्या भिंतीवर उंच चिकटवा. "वॉटरप्रूफ" छापलेल्या ईएससीत बोर्ड सील असतो. कनेक्टर, स्विच आणि तारांची टोकं तशीच उघडी. आयपी67 (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) ची चाचणीही 1 मीटर खोल गोड्या पाण्यात 30 मिनिटांची असते, खाडीत तासभर नाही.

तांदूळ मीठ शोषत नाही, फक्त पिठाची भुकटी सोडतो. बोट बुडाली तर आधी बॅटरी काढा. खाऱ्या पाण्यात पडली असेल तर लगेच भरपूर गोड्या पाण्याने धुवा, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपिल. अल्कोहोलचा वास पूर्ण जाईपर्यंत बॅटरी जोडू नका, ते पेट घेतं. एक दिवस पंख्याखाली ठेवा आणि पहिली चाचणी प्रॉपेलर काढून घ्या.