ग्रुपने आर्मेनिया कसा उरकावा

आर्मेनियाला जायचं ठरवलंत? उत्तम. सोसायटीतलं अजून कुणी तिकडे गेलेलं नाही, एवढं कारण कुठल्याही देशाला जायला पुरेसं असतं. देश नक्की कुठे आहे हे शोधत बसू नका. टूर लीडरला पैसे कशाचे दिलेत मग?

पहिल्याच दिवशी राजधानी येरेवानमध्ये तुम्हाला इरेबुनीच्या टेकडीवर नेतील. इ.स.पू. 782 मध्ये उरार्तू या प्राचीन राज्याचा राजा पहिला अर्गिश्ती याने इथे किल्ला बांधला. तसं सांगणारा क्यूनिफॉर्म लिपीतला शिलालेख सापडलेला आहे. आपलं शहर रोमपेक्षा 29 वर्षांनी थोरलं, असं गाइड छाती फुगवून सांगेल. तिचं वाक्य पुरं होऊ द्या आणि मग शांतपणे म्हणा, ‘‘आमच्याकडे असे साडेतीनशे आहेत.’’ त्यातला आपण फक्त सिंहगड पाहिलाय, तोही गाडीने आणि भज्यांसाठी, हे तिला कळायचं कारण नाही.

गार्नीचं देऊळ पाहताना सावध राहा. पहिल्या शतकातलं, ग्रीक-रोमन धाटणीचं, काळ्या-करड्या बेसाल्टचं, 24 खांबांचं. बघताक्षणी कौतुक वाटण्याचा धोका आहे. त्यावर उतारा असा : 1679 च्या भूकंपात ते कोसळलं आणि 1969 ते 1975 या काळात पडलेले दगड जुळवून पुन्हा उभं केलं. जे दगड सापडले नाहीत तिथे मुद्दाम कोरे बसवले, जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे बघणाऱ्याला कळावं म्हणून. म्हणजे पडलेलं देऊळ पुन्हा रचताना इतकी सचोटी! आपल्याकडे चांगल्या उभ्या देवळाला ऑइलपेंट फासतात. पण हा विचार बसमध्ये मोठ्याने बोलू नका, जेवण उशिरा मिळेल. त्यापेक्षा ‘‘म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचंच की!’’ असं म्हणून मोकळे व्हा. खाली दरीत त्याच बेसाल्टचे षटकोनी खांब निसर्गाने उलटे टांगून ठेवलेत, पण तिथे उतरायचं तर चालावं लागतं. वगळा.

पुढचा मुक्काम गेगार्द. इथे बसमधून उतरायच्या आधीच ‘‘वेरूळ बघितलंय ना, मग झालं’’ असं जाहीर करायची प्रथा आहे. वेरूळ आपण सातवीच्या सहलीत पाहिलेलं असतं आणि त्यातली माकडं तेवढी आठवतात, पण तुलना ठाम हवी. खरं तर तुलना अगदीच वावगी नाही. तेराव्या शतकात इथल्या लोकांनी डोंगर आतून पोखरून चर्च काढलं : खांब, कमानी, घुमट, सगळं एकाच खडकात. सोळाव्या लेण्यासमोर जो प्रश्न पडायला हवा तोच इथेही पडायला हवा, की एक घाव चुकला असता तर काय? प्रश्न पडू देऊ नका. वरच्या दालनात आवाज विलक्षण घुमतो आणि कधीकधी स्थानिक गायक तिथे वाद्यांशिवाय गातात. त्यांचं संपायची वाट न बघता मध्येच ‘‘ओऽ जोशीऽ’’ अशी हाक मारून प्रतिध्वनी तपासून घ्यावा. जोशींनीही ओ द्यावी.

मग इतिहास संग्रहालय. अरेनीच्या गुहेत 2008 साली सापडलेला चामड्याचा जोडा इथे ठेवलाय. साडेपाच हजार वर्षं जुना, गाईच्या एकाच कातड्याचा, नाडीसकट, आत गवत भरलेला. मेंढ्यांच्या लेंड्यांच्या जाड थराखाली तो टिकला. फक्त उजव्या पायाचा आहे, त्यामुळे ‘‘डावा कुठाय?’’ हे विचारणं ग्रुपचं कर्तव्य ठरतं. त्याच गुहेत सहा हजार वर्षांपूर्वी वाइन करत असल्याचे पुरावे मिळालेत. पुरातत्त्वशास्त्राविषयी ग्रुपला खरी आस्था वाटते ती या ठिकाणी, विशेषतः चाखायला फुकट मिळणार असेल तर.

मातेनादारान ही हस्तलिखितांची संस्था मात्र मतदान घेऊन रद्द करा. तेवीस हजारांच्या आसपास जुने ग्रंथ, तेही न कळणाऱ्या लिपीत! त्यात एक सुमारे 28 किलोंचा ग्रंथ आहे. ऑटोमन तुर्कांनी केलेल्या आर्मेनियन लोकांच्या 1915 च्या कत्तलीत गावं उजाड होत असताना दोन बायकांना तो एका उद्ध्वस्त मठात सापडला. एकटीला उचलेना, म्हणून त्यांनी त्याचे दोन भाग केले आणि एकेक घेऊन पळाल्या. घरदार सुटलेलं असताना पोथी उचलणाऱ्या बायका! आपल्या ग्रुपमध्ये 23 किलोंच्या बॅगेवरून विमानतळावर काय झालं ते आठवा आणि सरळ वेर्निसाझच्या बाजारात चला. तिथे फ्रिजवर चिकटवायची डाळिंबं मिळतात.

त्याच कत्तलीचं स्मारक त्सित्सेर्नाकाबेर्दला आहे. बारा कललेल्या शिळा, मध्ये तेवती ज्योत, भोवती लोकांनी वाहिलेली फुलं. सुमारे पंधरा लाख माणसं गेली, असं इथले लोक सांगतात. कार्यक्रमपत्रिकेत वीस मिनिटं आहेत. ग्रुप फोटोत उंच माणसं मागे, ज्योत मधोमध, आणि सहल कंपनीचा फलक सरळ धरा, मागच्या वेळी वाकडा आला होता.

जेवणाबद्दल काय सांगायचं! लवाश हा रोटीचा इथला पातळ प्रकार 2014 पासून युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे. जमिनीत पुरलेल्या तोनीर भट्टीच्या आतल्या भिंतीला थापून बायका तो भाजतात. तुम्ही त्यात लसणीची चटणी गुंडाळा आणि ‘‘आपल्या पोळीची सर नाही’’ म्हणा.

शेवटी खोर विराप हा मठ. समोर बर्फाच्छादित अरारात दिसतो, 5,137 मीटर. आर्मेनियाच्या राजचिन्हावर तो आहे, ब्रँडीच्या बाटलीवर आहे, आणि तुमच्या सहलीच्या जाहिरातीवर सगळ्यात मोठा आहे. फोटो काढून झाल्यावर गाइड सांगेल की डोंगर तुर्कस्तानात आहे, आणि ती सीमा 1993 पासून बंद आहे. आत्तापर्यंत सगळं सहन केलंत, आता मात्र गप्प बसू नका. जाहिरात जपून ठेवलेली असेलच. तिचा फोटो जोडून, दाखवलेला डोंगर दुसऱ्याच देशातला निघाल्याबद्दल किमान तीस टक्के परतावा मागा, आणि ईमेलच्या प्रतीत जोशींनाही घाला.