फेराइट जुनाट? उन्हाळ्यात परभणीला या

‘निओडिमियम आलं आणि फेराइट जुनाट ठरलं’ हे चुंबकांवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. परभणीत वीस वर्षं स्पीकर दुरुस्त करतोय. स्पीकरमागची ती काळी जाड चकती म्हणजे फेराइटचं चुंबक, मुख्यतः लोखंडाचाच ऑक्साइड, गंजाच्याच जातीचा. आधीच ऑक्साइड, मग गंजणार काय? निओडिमियमवरचा निकेलचा मुलामा उडाला की ते पावसाळ्यात आतून भुसभुशीत होतं. शिवाय साध्या प्रतीचं निओडिमियम 80 अंशांच्या पुढं ताकद गमावू लागतं. मे महिन्यात लग्नाच्या वरातीत, ट्रॅक्टरवर, फुल आवाजात तापलेल्या कॉइलशेजारी (स्पीकरमधली तारेची गुंडाळी) 80 अंश काही लांब नसतात. फेराइटचं चुंबकत्व पूर्ण जायला साधारण 450 अंश लागतात. ताकद कमी, वजन जास्त, हे मान्य. आणि हातातून पडलं तर कवेलूसारखं फुटतं, तेही खरं.

दुसरं म्हणजे, मोबाइल चार्जरमधल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभाही फेराइटचाच असतो, त्याचा लेखात उल्लेखच नाही! तो मऊ जातीचा, म्हणजे चुंबकत्व धरून न ठेवणारा. त्यातून वीज सहजी वाहत नाही, म्हणून हजारो हर्ट्झवरही भोवरी प्रवाहानं, म्हणजे गाभ्यातच गोल फिरणाऱ्या विजेनं, तो फारसा तापत नाही. तिथं साध्या पोलादी पट्ट्या घालून बघा, चटकाच बसेल.