फेरेचं नाव कुणीच का घेत नाही?

2025 च्या सप्टेंबरमध्ये इटालियन फॅशन डिझायनर जॉर्जो अरमानी गेले, 91 वर्षांचे होते, आणि त्यानंतर दोन-तीन दिवस माझ्या फीडवर इटालियन फॅशनच्या पोस्टींचा पाऊस पडला. अरमानी, व्हर्साचे, प्राडा, व्हॅलेंटिनो, गुची. सगळ्या पोस्टी वाचल्या मी, काही फार सुंदर होत्या, पण त्यांच्याच पिढीतल्या जानफ्रांको फेरे या इटालियन डिझायनरचं नाव एकाही पोस्टीत नव्हतं. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, आज रविवार आहे, कटिंग टेबल रिकामं आहे, म्हणून बसलेय.

मी पॅटर्नमेकर आहे. म्हणजे डिझायनर चित्र काढतो आणि त्या चित्राचा प्रत्यक्षात कपडा व्हावा म्हणून कागदावर जे तुकडे आखावे लागतात ते आखणं हे माझं काम. आई घरी ब्लाऊज शिवायची, तिच्या मशीनखाली बसून चिंध्या गोळा करत मोठी झाले, मग शिवणक्लास, मग डिप्लोमा, मग गारमेंट युनिट. वीस वर्षं झाली या कामाला. त्यामुळे कुठलाही कपडा बघितला की माझं लक्ष आधी रंगाकडे जात नाही, हा बेतलाय कसा इकडे जातं.

फेरे मला सापडला तो रद्दीच्या दुकानात घेतलेल्या एका जुन्या परदेशी मासिकात. पांढरा शर्ट होता एक. नुसता पांढरा शर्ट, पण कॉलर एवढी मोठी की मॉडेलच्या खांद्यांच्या बाहेर जाऊन पंखासारखी उभी, आणि कमरेला एकदम घट्ट. मी तो फोटो अर्धा तास बघत होते, कारण मला कळेना की ती कॉलर उभी कशावर राहिलीये. तार दिसत नव्हती, जाड बकरम असतं तर कळलं असतं, कापड तर चक्क ऑर्गंझासारखं पारदर्शक. मांजरपाटावर सहा वेळा करून बघितली ती कॉलर आणि सहाही वेळा पडली. तेव्हा ठरवलं की हा माणूस कोण आहे ते बघायचंच.

तर हा माणूस आर्किटेक्ट होता. जन्म 15 ऑगस्ट 1944, (तारीख बघा!) गाव लेन्यानो, मिलानच्या वायव्येला, सूतगिरण्या आणि कारखान्यांचं गाव, म्हणजे आपल्या इचलकरंजीची आठवण यावी असं. 1969 मध्ये मिलानच्या पॉलिटेक्निकमधून आर्किटेक्चरची डिग्री घेतली. पण इमारती बांधण्याऐवजी हा मैत्रिणींसाठी दागिने आणि बेल्ट बनवायला लागला, ते फॅशनवाल्यांच्या नजरेत भरले, मासिकांत छापून आले, आणि गाडी त्या रुळावर गेली ती गेलीच.

आणि मग जे घडलं ते आपल्याकडे फार थोड्या लोकांना माहितीये. 1973 च्या सुमारास जेनोवाच्या एका रेनकोट बनवणाऱ्या कंपनीने त्याला कामासाठी भारतात पाठवलं. फिरायला नाही, काम करायला, इथल्या कापडात इथे कपडे बनवून घ्यायला. पुढची तीन-चार वर्षं तो दर वर्षी काही महिने भारतात राहत होता. तेव्हा आपल्या गिरणगावात अजून भोंगे वाजत होते, आणि इटलीतला हा तिशीच्या आतबाहेरचा आर्किटेक्ट आपल्या देशात कापड हाताळत होता. स्वतःच्या नावाचं लेबल काढायच्या आधीची ही वर्षं आहेत, म्हणजे माणसाचा हात घडतो ती वर्षं.

पुढे आयुष्यभर तो हे सांगत राहिला की साधेपणा, आकार आणि रंग या गोष्टी तो भारतात शिकला. आता मला जे म्हणायचंय ते इथे आहे. ‘भारतापासून प्रेरणा’ म्हटलं की नेहमी काय होतं? कोयरी येते, जरी येते, आरसे येतात, हत्ती येतो. फेरेने यातलं कुठं कुठं वापरलं असेलही, पण त्याने मुख्य गोष्ट जी उचलली ती नक्षी नव्हती, ती बेतण्याची रीत होती. बिनशिवलेलं, बिनकापलेलं सरळ कापड अंगावर आल्यावर आकार कसा घेतं हे त्याने बघितलं.

नऊवारीचा विचार करा. एक लांबच लांब आयत. त्याला मुंढा नाही, डार्ट (अंगाला बसावं म्हणून घातलेली शिवलेली चिमटी) नाही, बटण नाही. गाठ मारा, निऱ्या घाला, काष्टा खोचा, पदर घ्या, आणि त्याच आयतातून पाय मोकळे ठेवणारा, शेतात वाकता येईल असा, पायऱ्या चढता येतील असा कपडा तयार. संध्याकाळी सोडला की परत सपाट घडी. धोतराचंही तेच. आणि जुन्या पद्धतीचा कुडता उसवून बघा कधी, सगळे तुकडे सरळ रेषेत कापलेले असतात, अंगासाठी आयत, बाहीसाठी आयत, बाजूला तिरक्या कळ्या, काखेत एक छोटा चौकोन की हात वर झाला पाहिजे, आणि वाया जाणारं कापड जवळपास काहीच नाही. ही भूमिती आहे हो! पाश्चात्य शिवणकाम अंगाप्रमाणे कापड कापतं, आपलं कापड कापडच राहतं आणि अंग त्याला आकार देतं. आर्किटेक्चर शिकलेल्या माणसाने हे बघितल्यावर त्याच्या डोक्यात काय झालं असेल याची मी नुसती कल्पना करू शकते. त्याचे नंतरचे कोट, ते मोठे मोठे गुंडाळून घ्यायचे टॅफेटाचे पट्टे, ते शर्ट जे मागे बांधले की वेगळे आणि पुढे बांधले की वेगळे, ते सगळं मला तिथूनच आलेलं दिसतं.

1978 मध्ये फ्रांको मात्तिओली या उद्योजकाबरोबर त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली आणि मिलानमध्ये पहिलं कलेक्शन दाखवलं. 1982 ला पुरुषांचे कपडे आले, 1986 ला रोममध्ये कुट्युर, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने हाताने शिवलेले उंची कपडे. त्या काळात मिलानचे तीन ‘जी’ म्हणायचे, जॉर्जो, जान्नी आणि जानफ्रांको. अरमानीने जॅकेटच्या आतला कॅनव्हास आणि अस्तर काढून ते मऊ केलं, जान्नी व्हर्साचेने शरीर साजरं केलं, आणि फेरेने कपडा बांधला. बांधला म्हणजे अक्षरशः, घर बांधतात तसा. त्याची स्केचेस बघा, दोन-चार जाड फटकारे, खांदे रुंद, कंबर बारीक, चेहरा जवळपास नाहीच, पण त्याच्या जोडीला तांत्रिक ड्रॉइंग असायचं ज्यात प्रत्येक शिवण कुठे जाते ते दिलेलं. मला रोज डिझायनरकडून नुसती सुंदर चित्रं येतात आणि ‘तुम्ही बघा ना मॅडम कसं बसतंय ते’ असं ऐकावं लागतं, त्यामुळे या माणसाबद्दल मला किती आदर वाटत असेल ते माझ्या लाइनमधल्या लोकांना बरोबर कळेल.

मग 1989. दिओर. मार्क बोहान जवळजवळ 30 वर्षं तिथे मुख्य डिझायनर होते, त्यांच्या जागी फेरेला आणलं. पॅरिसमध्ये केवढी कुरकुर झाली, फ्रेंच राज्यक्रांतीला 200 वर्षं पूर्ण होत होती आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या सगळ्यात लाडक्या फॅशन हाउसच्या गादीवर एक इटालियन! त्याने उत्तर कामाने दिलं, पहिल्याच कुट्युर कलेक्शनला ‘दे दोर’ म्हणजे सोन्याचं अंगुस्तान हा मान मिळाला. (शिवणाऱ्यांच्या बोटातल्या अंगुस्तानाचं बक्षीस, किती छान कल्पना आहे ना.) 1996 पर्यंत तो तिथे होता, मिलानचं स्वतःचं काम चालू ठेवून, सारख्या पॅरिसच्या फेऱ्या. दिओरची ती चौकोनी, खुर्चीच्या वेताच्या विणीसारखी शिलाई असलेली हँडबॅग, जी 1995 मध्ये राजकुमारी डायनाला भेट दिली आणि नंतर ‘लेडी दिओर’ म्हणून जगभर गाजली, ती त्याच्याच काळातली. बॅग सगळ्यांना माहितीये. तेव्हा दिओरमध्ये कोण होतं हे विचारलं तर लोक गालियानोचं नाव सांगतात, जो नंतर आला.

2025 च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसत्या ‘लेदर सँडल्स’ म्हटलं, कोल्हापूरचं नाव नाही, 2019 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन असलेली वस्तू. आपण सगळे चिडलो, मीही चिडले होते, आणि चिडलो म्हणूनच त्यांना मान्य करावं लागलं आणि पुढे इथल्या कारागिरांबरोबर करार झाला. तो राग बरोबरच होता. पण त्याच वेळी मला फेरे आठवत होता. हाही मिलानचाच, हाही आपल्याकडून शिकला, पण हा इथे येऊन राहिला, कारागिरांच्या शेजारी उभा राहिला, आणि न विचारता सांगितलं की मी हे भारतात शिकलो. माझं त्याच्याबद्दलही एक म्हणणं आहे, की ‘भारत’ म्हणजे कोण? ज्यांनी त्याला कापडाची ओढ दाखवली, रंग उतरवून दाखवला ती माणसं. श्रेय देशाला मिळालं, ते माणसांच्या नावानिशी मिळायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन. तरीही वस्तू उचलणं आणि विद्या शिकणं यात फरक आहे, आणि विद्या शिकलेल्याला आपण निदान ओळखावं तरी.

त्याच्या फोटोत तो कायम तसाच दिसतो, भारी देहाचा, दाढीवाला, वास्कीट घातलेला, बोटात अंगठ्या. 17 जून 2007 ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला, फक्त 62 वर्षांचा. काही दिवसांवर पुरुषांच्या कपड्यांचा शो होता. कंपनी आधीच दुसऱ्यांच्या हातात गेली होती, 2009 मध्ये ती मालक कंपनी डबघाईला आली, 2011 मध्ये ब्रँड दुबईच्या एका ग्रुपने घेतला. मला वाटतं नाव विसरलं जाण्याचं खरं कारण हेच आहे. अरमानी शेवटपर्यंत स्वतः मालक राहिले, व्हर्साचेच्या मागे बहीण उभी राहिली, फेरेच्या मागे नावासारखं चालणारं दुकान राहिलं नाही. दुकान बंद झालं की लोक कारागिराला विसरतात, हे मी आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांच्या बाबतीतही बघितलंय.

पण काम आहे. त्याचं जुनं सगळं साहित्य आता मिलानच्या त्याच पॉलिटेक्निककडे आहे जिथे तो शिकला, तिथे त्याच्या नावाचं संशोधन केंद्र आहे. आणि फक्त त्याच्या पांढऱ्या शर्टांचं प्रदर्शन 2014 मध्ये इटलीतल्या प्रातोच्या टेक्स्टाइल म्युझियममध्ये झालं, नंतर मिलानला. त्यात शर्टांचे एक्स-रेसारखे फोटो लावले होते, आतली शिवण, घड्या, थर सगळं दिसेल असे. ते फोटो ऑनलाइन बघितले तेव्हा मला कुठे कळायला लागलं की अशी कॉलर उभी राहते ती आधारावर नाही, घडीवर राहते. कापडच कापडाला धरतं. निऱ्या खोचल्यावर उभ्या राहतात ना, तसंच!! सातव्या वेळी माझी कॉलर उभी राहिली, पूर्ण नाही, डावी बाजू अजून थोडी झुकते, पण राहिली.

एक राहिलंच. काही वर्षांपूर्वी बहिणीला सोडायला मुंबई एअरपोर्टला गेले होते, तिथे कोरियन एअरच्या मुली चालत गेल्या. गळ्यातला रुमाल एका बाजूला ताठ, हवेत उभा, जणू पाखराचा पंख. मी बहिणीशी बोलायचं सोडून त्या रुमालाकडेच बघत राहिले, ती चिडलीसुद्धा. तो युनिफॉर्म 2005 मध्ये फेरेने केलाय हे मला खूप नंतर कळलं. त्या रात्री घरी येऊन मी आईच्या जुन्या ऑर्गंडीच्या ब्लाऊजपीसचा तुकडा घेतला, स्टार्च केला, इस्त्री केली, गळ्याला बांधला आणि आरशासमोर उभी राहिले. मिनिटभर उभा राहिला तो, मग पडला.