पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत?

पावसाळा लागला की ठाणे, ऐरोली, वाशीकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. पीसी कधी चालू होतो, कधी होत नाही, तर म्हणे खाडीची दमट हवा बाधली. रॅम खोडरबराने घासा, बोर्डावरचा सेल बदला, आत हेअर ड्रायर मारा. तरी जमलं नाही तर एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची (पॉवर सप्लायची), हिरवी वायर काळीला जोडा. पंखा फिरला की एसएमपीएस ठीक, मदरबोर्ड गेला. आणि एकदा चालू झाला की पावसाळाभर बंदच करू नका. या सल्ल्याने चांगले बोर्ड भंगारात जातात.

‘पंखा फिरला तर एसएमपीएस ठीक.’ मुळीच नाही. हिरवी काळीला टेकवली की सप्लायला ‘चालू हो’ एवढाच निरोप जातो. त्या वेळी भार असतो जेमतेम त्याच्याच पंख्याचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जो दाबून करंट मागतात, तो इथे कुणी मागितलेलाच नसतो. १२ व्होल्टची लाइन साडेदहावर आली तरी पंखा मजेत फिरतो. उलट काही नव्या सप्लायचा पंखा तापल्याशिवाय फिरतच नाही. म्हणजे या परीक्षेत मरतुकडा पास आणि धडधाकट नापास.

‘कधी होतो, कधी नाही’ या तक्रारीत पहिला संशय घ्यायचा तो जांभळ्या वायरवर. ही ५ व्होल्टची स्टँडबाय, म्हणजे कायम जागी राहणारी लाइन. पीसी बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत ती जिवंत असते, आणि समोरचं बटण दाबल्याचं बोर्डाला कळतं ते तिच्याच जोरावर. तिचा कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा सुटा भाग) चोवीस तास राबतो, म्हणून बरेचदा तोच आधी सुकतो. मोजताना एसएमपीएसकडून येणारा २४ पिनचा कनेक्टर बोर्डात बसलेलाच ठेवा. मल्टीमीटरचा लाल प्रोब मागच्या बाजूने जांभळ्या वायरशेजारी घाला, काळा प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूवर टेकवा. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. मग कुणाला तरी बटण दाबायला सांगा; आकडा ४.७५च्या खाली घसरला तर एसएमपीएस बदला. चालू झाल्यावर पिवळीवर, म्हणजे १२ व्होल्टच्या लाइनवर, ११.४ ते १२.६ हवेत. राखाडी ‘पॉवर गुड’ची, म्हणजे ‘वीज ठीक आहे’ असा निरोप बोर्डाला देणारी; बाकीच्या लाइन स्थिरावल्यावर अर्ध्या सेकंदात तिच्यावर साधारण ५ व्होल्ट आले नाहीत, तर पंखे फिरत राहतात आणि स्क्रीन काळीच. सगळ्या वायरी काळ्या असतील तर जांभळी ९ नंबरची पिन, राखाडी ८ आणि हिरवी १६. नंबरांचा नकाशा मॅन्युअलमध्ये असतो. साध्या मीटरला क्षणभराची घसरण दिसत नाही, त्यामुळे आकडे बरे दिसले तरी ओळखीच्याचा चालता एसएमपीएस लावून बघणं हीच खरी कसोटी. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो.

हेअर ड्रायरचं गमतीशीर आहे. त्याने पीसी खरंच चालू होतो कधीकधी, आणि लोकांना वाटतं ओल गेली. म्हाताऱ्या कपॅसिटरचा आतला रोध गार असताना जास्त असतो, गरम झाला की उतरतो. म्हणजे ड्रायरने आजार बरा झाला नाही, फक्त दाखवून दिला. दमट हवेत बोर्डावरची धूळ ओल धरते हे खरं. त्यासाठी प्लग काढून मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

रॅम काढून पुन्हा घट्ट बसवल्याने फरक पडतो, श्रेय खोडरबराला मिळतं. त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरा. सेल, म्हणजे सीआर२०३२, संपला की बहुधा तारीख-वेळ विसरते. पीसी अडून बसणं क्वचित. नवा ३ व्होल्टचा असतो, २.७च्या खाली गेला तर बदला. सेल काढला असेल तर डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या बोर्डांना पहिल्यांदा रॅम जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात. काळी स्क्रीन बघून मध्येच वीज तोडू नका.

‘मदरबोर्ड गेला’ म्हणण्याआधी काही फुकटच्या गोष्टी. चालू होऊन चारेक सेकंदांत बंद पडत असेल तर कॅबिनेटचं बटण अडकलेलं असू शकतं. त्याची वायर बोर्डावरून काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवा. आणि शट डाउननंतर अडकतो पण रीस्टार्टला नीट येतो, असं असेल तर दोष फास्ट स्टार्टअपचा, म्हणजे विंडोज लवकर सुरू करणाऱ्या सेटिंगचा, असू शकतो. तो बंद करून बघा. पंखे फिरून डिस्प्ले नसेल तर प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा कनेक्टर नीट बसलाय का ते पाहा. मग प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी ठेवून बाकी सगळं काढा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर मात्र कार्ड राहू द्या, नाहीतर चांगला बोर्डही काळी स्क्रीनच दाखवेल.

राहिलं ‘बंदच करू नका’. थकलेल्या स्टँडबाय लाइनचा पीसी चालू असताना महिनोन्‌महिने चालतो, अडतो तो गार असताना सुरू होताना. महावितरणची लाइट तासभर गेली की तो पुन्हा उठेलच असं नाही. म्हणून चालू आहे तोवर फोटो, टॅलीचा डेटा, रिटर्न्सच्या फायली बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या, आणि मगच बंद करून मीटर लावा.