94-4 हा स्कोअर नेमका कुठल्या स्पर्धेतला?

मुंबईतल्या कबड्डीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं: छोट्या देशांच्या रग्बी लीग स्पर्धा म्हणजे निव्वळ धूळफेक. निकाल 94-4 असले एकतर्फी, खेळाडू त्या देशात जन्मलेलेसुद्धा नसतात, खेळ तर तोच जो बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात दिसतो, आणि हा पैसा तळागाळात घातला असता तर काही कामाला आला असता.

आधी 94-4. हा निकाल खरा आहे, पण छोट्यांच्या स्पर्धेतला नाही. 2022 मध्ये शेफील्डला इंग्लंडने ग्रीसला असं धुतलं ते थेट वर्ल्ड कपमध्ये. त्याच स्पर्धेत न्यूझीलंडने जमैकाला 68-6 असं हरवलं. 2000 च्या वर्ल्ड कपमध्ये तर ऑस्ट्रेलियाने रशियावर 110 गुण चढवले होते. आता छोटे संघ आपापसात खेळले तेव्हाचं बघा. 1995 मध्ये इंग्लंडमध्ये मुख्य वर्ल्ड कपच्या जोडीने सात देशांची ‘इमर्जिंग नेशन्स’ स्पर्धा झाली. बरी शहरातल्या गिग लेन मैदानावर फायनलमध्ये कुक आयलंड्सने आयर्लंडला 22-6 असं हरवलं. 2018 मध्ये जमैकाने अमेरिकेला 16-10 असं हरवून पहिल्यांदा वर्ल्ड कप गाठला. एका ट्रायचे (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवल्याचे) चार गुण, वर कन्व्हर्जनचे (त्यानंतरच्या किकचे) दोन, म्हणजे तो सामना एका ट्रायवर लटकलेला होता. मेसेज लिहिणाऱ्याने रोगाचा पुरावा म्हणून जे आकडे दिलेत, ते छोट्यांना आपापसातले असे सामने कमी मिळाल्याचे, म्हणजे औषध कमी पडल्याचे आहेत.

‘यातून पुढे कोण गेलं?’ असंही त्यात खोचकपणे विचारलंय. 1995 च्या सातांपैकी कुक आयलंड्स, आयर्लंड, स्कॉटलंड आणि रशिया असे चार संघ पाच वर्षांत वर्ल्ड कपमध्ये होते. आयर्लंडने 2000 मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली. अमेरिका 2013 मध्ये उपांत्यपूर्व फेरीत होती. आणि स्कॉटलंडने 2016 मध्ये वर्किंग्टनमध्ये न्यूझीलंडला 18-18 असं बरोबरीत रोखलं. कुक आयलंड्सची वस्ती किती? वीस हजारांच्या आत. एवढ्या माणसांतून वर्ल्ड कपचा संघ उभा करायचा, आणि आपण इथे बसून विचारायचं ‘पुढे कोण गेलं’. धन्य आहे.

जन्माचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. जमैकाच्या संघात इंग्लंडमध्ये वाढलेले पुष्कळ होते, हे कबूल. नियमच तसा आहे: आई-वडील किंवा आजी-आजोबा ज्या देशाचे, त्या देशाकडून खेळता येतं. पण यात फसवणूक कसली? ज्याचा आजा संगमेश्वरहून गिरणीत आला आणि नातू डोंबिवलीत जन्मला, त्याला गाव विचारून बघा. गणपतीला गाडीची बुकिंग उघडल्यावर हाच मेसेजवाला पहाटे मोबाइल घेऊन बसलेला असेल. रग्बी लीगचा खेळाडू जेसन टॉमालोलो ऑकलंडमध्ये जन्मलेला. 2017 मध्ये त्याने न्यूझीलंडची जर्सी सोडून टोंगाची घातली, आणि टोंगाने हॅमिल्टनमध्ये न्यूझीलंडलाच 28-22 असं पाडलं. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाला 16-12. शिवाय सगळेच काही परदेशी वाढलेले नसतात. ग्रीसमध्ये या खेळाला सरकारी मान्यताच नव्हती, तेव्हा तिथल्या पोरांनी मैदानाचा पत्ता लपवून रात्री उशिरा सामने खेळलेत.

आणि परक्यांचं वावडं असेल तर 2018 चं जकार्ता आठवा. इराणच्या महिलांनी आपल्याला 27-24 असं हरवून एशियाडमधलं कबड्डीचं सुवर्ण नेलं, तेव्हा त्यांच्या कोच नाशिकच्या शैलजा जैन होत्या. म्हणून ते सुवर्ण इराणचं नाही, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

‘तोच खेळ’ हे सरळ चूक. जिमखान्यावर दिसतं ते रग्बी युनियन, 15 जणांचं. 2025 मध्ये अंधेरीत झालेली रग्बी प्रीमियर लीग सात-सात जणांची, तीही युनियनचीच. लीगमध्ये 13 जण. युनियनमध्ये पकडला गेलेला गडी खाली गेला की बॉलवर दोन्हीकडचे तुटून पडतात. लीगमध्ये पंच पकड पूर्ण झाल्याचं मानतो, गडी उठतो, बॉल पायाशी ठेवतो, बुटाने मागे सारतो आणि खेळ पुढे सुरू. अशा सहा पकडी, मग बॉल समोरच्याला. कबड्डीवाल्यांना हा हिशेब रग्बी युनियनपेक्षा लवकर कळेल, असं माझं मत. लीग आणि युनियन अशी फाटाफूट झाली ती 1895 मध्ये, इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात. शनिवारी सामना खेळायचा तर गिरणी आणि खाण कामगारांचा रोज बुडायचा. तो भरून द्यायला खेळ चालवणारे वरचे तयार नव्हते, म्हणून उत्तरेतले 22 क्लब बाहेर पडले. परळ-लालबागकडे हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

तळागाळाचं म्हणाल तर पोरं सरावाला येतात ती पुढे सामना आहे म्हणून. राष्ट्रीय संघाला वर्षात एकही सामना नसेल तर तळागाळातल्याने कशासाठी टिकायचं?

मेसेजमध्ये एक खरी तक्रार करता आली असती, ती नेमकी राहून गेली. 1995 च्या सातांतले मोरोक्को आणि मोल्दोवा आजवर वर्ल्ड कपला पोचलेले नाहीत. ‘इमर्जिंग नेशन्स’ 1995 मध्ये झाली, 2000 मध्ये झाली आणि त्यानंतर थेट 2018 मध्ये, सिडनीला. मधली 18 वर्षं इकडचे तिकडचे प्रादेशिक चषक सोडले तर त्या देशांना एकत्र आणणारं काहीच नव्हतं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय महासंघाला धारेवर धरा, मीही सही करतो.