ताप उतरला म्हणजे डेंग्यू गेला? असं नसतंय ओ

कालपासून गावच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. डेंग्यूचा मच्छर नालीच्या घाणीत होतो, ताप उतरला की डेंग्यू गेला, पपईच्या पानाचा रस पाजा प्लेटलेट वाढतात, अन् एकदा झाला की परत होत नाही. आमच्या काकांनीच टाकलाय, तरी बोलतो.

आधी तापाचं, कारण माणूस दगावतो ते इथंच. मच्छर चावल्यावर 4 ते 10 दिवसांनी ताप चढतो, डोळ्याच्या मागं ठणकतं, अंग मोडून येतं. मग तिसऱ्या ते सातव्या दिवसात कधीतरी ताप उतरतो, घरचे म्हणतात सुटलो बुवा, अन् खरा धोका तिथूनच सुरू होतो, कारण काहीजणांच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी पोटात-छातीत उतरतं, उरलेलं रक्त दाट होतं, बीपी पडतं. हे 24 ते 48 तास चालतं. माझ्या पुतण्याचा ताप चौथ्या दिवशी उतरला, आम्ही खुशीत, संध्याकाळी पोरगं पोट धरून बसलं, उलटीवर उलटी, हातपाय गार. "झोपू द्या त्याला" म्हणणाऱ्या सगळ्यांना वहिनीनं गप केलं अन् ॲडमिट केलं, म्हणून निभावलं. हिरड्यातून रक्त, लघवी कमी, लई सुस्ती, हे पण तसंच समजा.

पपईचं म्हणाल तर सातव्या-आठव्या दिवशी प्लेटलेट बहुतेकांच्या आपोआपच चढतात, क्रेडिट रसाला. झिरपणं त्यानं थांबतं असा पुरावा नाही. अन् अंग दुखतंय म्हणून मेडिकलवरनं ब्रुफेन, ॲस्पिरिन आणू नका, रक्तस्राव वाढतो.

परत होत नाही? विषाणूचे 4 प्रकार आहेत. ज्याचा झाला तो सहसा परत होत नाही, पण दुसऱ्या प्रकाराचा झाला तर पहिल्या खेपेला अंगात तयार झालेल्या अँटीबॉडीच (विषाणूशी लढणारी प्रथिनं) त्याला पेशीत घुसायला मदत करू शकतात, म्हणून दुसरी खेप जास्त डेंजर.

राहिली नाली. डेंग्यू पसरवणारा एडिस मच्छर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. लातूरला 2016 मध्ये रेल्वेनं पाणी आणलं ते आठवतंय ना, आपल्याकडं पाणी साठवल्याशिवाय भागत नाही. नळ आठ-दहा दिवसाला, अन् अंड्याचा मच्छर व्हायलाही साधारण तेवढेच दिवस. अंडी कोरड्या कडेला महिनोनमहिने टिकतात, त्यामुळं रांजण नुसता उपडा करून भागत नाही, आतून घासावा लागतो.

काका, तुमच्या अंगणातल्या निळ्या ड्रमला झाकण नाही, दिवाळीला बघितलंय मी.