वाळू टाकली म्हणजे विस्तव विझत नाही!

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास कॅम्पग्राऊंडवर आमच्या शेजारची आरव्ही निघाली. आत राहायची सोय असलेली तीस फुटी गाडी. दोन रात्री तिथेच होती, माणसं बोलायलाही चांगली होती. त्यांनी चांदवा गुंडाळला, खुर्च्या आत टाकल्या, कुत्र्याला चढवलं, आम्हाला हात केला आणि गेले. पाचेक मिनिटांत धुराचा वास आला. आमची चूल तर आदल्या रात्रीच गार केली होती. उठून त्यांच्या रिकाम्या जागेवर गेले, तर लोखंडी कड्यातल्या शेकोटीवर पांढरी वाळू नीट पसरून ठेवलेली, आणि तिच्या मधोमध एका भोकातून दोऱ्याएवढा धूर वर येतोय.

मी चहाचं पातेलं घेऊन नळाकडे धावले. पहिलं पातेलं ओतलं तर चर्र आवाज होऊन वाळू उसळली, राख तोंडावर आली. काठीने उकरलं. खाली ओकचा अर्धा ओंडका लालबुंद! रात्रभर जळून सकाळी वाळूच्या पांघरुणात मजेत धगधगत होता. सात पातेली पाणी लागलं. दर पातेल्यानंतर ढवळायचं, कडेची राख आत ओढायची, पुन्हा ओतायचं. शेवटी हात टेकवून बघितला तेव्हा कुठे गार लागलं. आणि त्या कड्यापासून चार हातांवर वाळलेल्या पाइनच्या सुयांचा घोटाभर थर होता. चार हात!

डोकं फिरलं माझं. अजून फिरलेलंच आहे.

ज्या गाडीत शॉवर आहे, संडास आहे, पाण्याची शंभर-दीडशे लिटरची टाकी आहे, त्या गाडीतल्या माणसांना विस्तवावर ओतायला दोन बादल्या पाणी मिळत नाही? उरलेलं पाणी निघताना गटारात सोडून देतात हे लोक. टाकी रिकामी केली की गाडी हलकी होते, डिझेल वाचतं. पण तेच पाणी वीस पावलं चालत नेऊन चुलीवर ओतायचं म्हटलं की कंबर दुखते.

ही गोष्ट न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समधली, म्हणजे वाळूवरच्या पाइनच्या जंगलातली आहे, तिथल्या व्हॉर्टन स्टेट फॉरेस्टची. एडिसनहून सव्वा-दीड तासावर. आमच्याकडच्या निम्म्या मराठी घरांनी इथे कधी ना कधी तंबू ठोकलाय. लोकांना वाटतं, जिकडेतिकडे वाळू आहे, वाळू कशी पेटेल? अहो, वाळू पेटत नाही, पण वाळूत पाणीही ठरत नाही. काल धो धो पाऊस पडला तरी तो सरळ खाली झिरपतो. म्हणून तर या जमिनीखाली एवढा प्रचंड पाणीसाठा आहे. वर मात्र दोन दिवस ऊन आणि वारा मिळाला की सुया, साली, फांद्या पुन्हा पापडासारख्या. त्यात पाइनचा चीक. एक फांदी चुलीत टाकून बघा, कशी भडकते ती. आणि मुळं तर त्या वाळूतच पसरलेली असतात. विस्तव पुरला की तो खाली एखाद्या मुळाला धरून बसतो, आणि तुम्ही घरी पोचून अंघोळ करून झोपलात तरी त्याचं काम चालू असतं.

मला सगळ्यात जास्त राग आपल्याच लोकांचा येतो. बाहेरच्यांना माहीत नसेल, तुम्हाला माहीत नाही? तुमच्या आजीने आयुष्यभर काय केलं? रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवला, तो विझू नये म्हणून! सकाळी राख बाजूला केली, दोन काटक्या घातल्या, फुंकणीने फुंकलं की चूल पेटली. काडेपेटीची एक काडी वाचायची. माझी आजी चिपळूणजवळच्या गावी हेच करायची, मी बघितलंय. पुरलेला विस्तव म्हणजे जपलेला विस्तव. ‘आगीतून फुफाट्यात’ असं दिवसातून दोनदा म्हणणाऱ्या माणसांना फुफाटा म्हणजे काय ते कळू नये?

मागच्या वर्षी लेबर डेला, सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुट्टीत, याच कॅम्पग्राऊंडवर पाच-सहा कुटुंबं आली होती. सगळी मराठी, सगळी शिकलेली. कोळशावर कणसं भाजली, मीठ-तिखट-लिंबू लावून आम्हालाही आणून दिली. फार छान वाटलं. निघताना त्यातल्या एकाने शेगडी उचलली आणि कोळसे झाडाच्या बुंध्याशी ओतले. अक्षरशः बुंध्याशी! वर पायाने वाळू सारली. मी ओरडलेच. तर म्हणतो, “काकू, एवढं काय त्यात? वाळूच आहे. तासाभरात विझेल.” मी म्हटलं, “अरे, तासाभराने इथे कोण बसणार आहे बघायला? तू?” त्याला राग आला. बायकोने त्याला गाडीकडे ओढलं. कोळसे मी आणि माझ्या नवऱ्याने विझवले. पाणी ओतल्यावर वाळूतून जी वाफ निघाली ती बघायला तो थांबलाच नाही. आणि त्या जागेवर दुपारी तीन वाजता नवीन कुटुंब आलं, त्यांची चार वर्षांची मुलगी अनवाणी धावत होती. वाळूखालच्या कोळशावर तिचा पाय पडला असता तर? वरून काहीही दिसत नाही हो. साधी वाळू दिसते.

आता कोणी म्हणेल, ही बाई उगाच बाऊ करते. 2022 च्या जूनमध्ये याच व्हॉर्टन फॉरेस्टमध्ये मलिका नदीकाठी आग लागली आणि साडेतेरा हजार एकर जंगल जळालं. जंगलातलं बॅट्स्टोचं जुनं गाव पर्यटकांना बंद करावं लागलं. चौकशीत कारण निघालं बेकायदा शेकोटी. वीज पडली नव्हती, कुठलं यंत्र बिघडलं नव्हतं. कोणीतरी आपल्या मजेसाठी पेटवलेली शेकोटी! 2025 च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीतल्याच ओशन काउंटीत पंधरा हजार एकरांवर जळालं, हजारो लोकांना घरं सोडावी लागली, गार्डन स्टेट पार्कवे या हमरस्त्याचा काही भाग बंद झाला. तिथेही पोलिसांचा आरोप हाच, की लाकडं पेटवली आणि पुरती न विझवता निघून गेले. आणि 1963 च्या एप्रिलमध्ये एका शनिवार-रविवारात न्यू जर्सीत 1,80,000 एकरांहून जास्त जमीन जळाली होती. सात माणसं गेली. इथले म्हातारे अजून त्या शनिवारला ‘काळा शनिवार’ म्हणतात.

मग एक शहाणा भेटतोच. “या जंगलाला आग हवीच असते. इथल्या पिच पाइन झाडाची काही फळं आगीशिवाय उघडत नाहीत.” हो, माहीत आहे. त्या झाडाची साल जाड असते, जळल्यावर खोडातूनच नवे कोंब फुटतात, हेही माहीत आहे. म्हणूनच राज्याच्या फॉरेस्ट फायर सर्व्हिसची माणसं हिवाळ्यात, वारा बघून, हवेतला ओलावा मोजून, कडेने पट्टे साफ करून, गाड्या उभ्या करून मुद्दाम जाळतात. 1906 पासूनची संस्था आहे ती. तिच्या कामाचं नाव घेऊन तुम्ही जूनच्या कडक उन्हात, वारा सुटलेला असताना, अर्धवट विस्तव सोडून जाणार आणि वर म्हणणार जंगलाचं भलं केलं? लाज वाटत नाही?

दुसरी गंमत म्हणजे बंदीचे फलक. कोरडं पडलं की दारातच लिहिलेलं असतं, आज कुठली आग चालेल आणि कुठली नाही. अगदीच कोरडं असेल तर फक्त गॅसची किंवा विजेची शेगडी. माणसं त्या फलकासमोर उभी राहून फोटो काढतात आणि आत येऊन लाकडं पेटवतात, कारण ‘मुलांना मार्शमेलो भाजायचे आहेत’. मुलांना एक रात्र मार्शमेलो नाही मिळाले तर काही बिघडत नाही. माझ्या मुलाला नाही मिळाले. तो रडला. मग गॅसवर मॅगी करून दिली, गप्प झाला.

आणि हे सगळं विझवायला काय लागतं? पाणी ओता. ढवळा. परत ओता. हात जवळ नेऊन बघा, ऊब लागली तर अजून ओता. निघायच्या अर्धा तास आधी सुरुवात करा, तंबू गुंडाळायला लागायच्या आधी. शेवटच्या क्षणी गाडी चालू ठेवून नाही. कड्यात चिखल झाला पाहिजे, राखेचा काळा चिखल. एवढं होत नसेल तर पेटवू नका. कोणी जबरदस्ती केलेली नाही.

त्या रविवारी मी सात पातेली ओतत होते तेव्हा पलीकडच्या तंबूतला एक माणूस कॉफीचा मग घेऊन बघत उभा होता. मदतीला आला नाही. माझं झाल्यावर म्हणाला, तुम्ही इथल्या कर्मचारी आहात का? मी म्हटलं, नाही. तो परत आपल्या शेकोटीकडे गेला आणि तिच्यात अजून एक ओंडका टाकला. बारा वाजता जागा रिकामी करायची होती, आणि तेव्हा अकरा वाजून गेले होते.